न ऐकू आलेला प्रश्न

निवृत्त होऊन मला दोन वर्षं झाली. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, कोर्टात उलटतपासण्या सोसल्या. त्यातलं बरंचसं आता एकमेकांत मिसळून गेलं आहे. पण बावीस सेकंदांचा एक आवाज आजही शब्दन् शब्द पाठ आहे. त्याच्यापायी एका बाईची पंधरा वर्षांची पुण्याई मातीत जाणार होती आणि त्यात माझाही हातभार लागला असता. म्हणून हे लिहितो आहे. नाव कोणाचंच घालत नाही, गावाचंही नाही.

तेव्हा मी वाशीम जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. सोयाबीन काढणीचे दिवस होते. एका सकाळी ठाण्याच्या आवारात तीस-चाळीस माणसं येऊन बसली. आमच्या हद्दीत एका गावाबाहेर दीड किलोमीटरवर एक वस्ती होती, तिथली ही माणसं. दसरा-दिवाळीच्या दरम्यान यातली निम्मी ऊसतोडीला जायची आणि लहान लेकरं म्हाताऱ्यांपाशी ठेवून जायची. म्हाताऱ्या माणसांनी लेकरं सांभाळायची म्हणजे अर्धी भिस्त गावातल्या अंगणवाडीवर. तिथे दोन घास मिळत आणि सेविकाबाईंची नजर राही.

पुढे एक तिशीची बाई होती. तिने मोबाइल टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "साहेब, हे ऐका अन् मंग आमच्या अर्जावर शिक्का मारा."

आवाज अंगणवाडी सेविकेचा होता. तो सगळ्या पंचक्रोशीला ओळखीचा, मलाही, कारण लसीकरणाच्या दिवशी ऑटोवरच्या भोंग्यातून तोच यायचा. ती म्हणत होती, "त्या वस्तीवरच्या लेकराइले आमच्या लेकराइजवळ बसवू नका. त्याईच्या अंगाले वास येते, डोक्यात उवा असतात. एक तर वेगळं बसवा, नाईतर येऊच देऊ नका." मग थोडा वेळ शांतता, त्यात एक बारीकसा टिंग असा आवाज आणि शेवटी, "हो, सगळ्याइलेच."

ठाणे अंमलदाराने मान खाली घातली. ती बाई शांतपणे म्हणाली, "माही पोरगी चार वर्षांची हाय. तिले मी काल इचारलं, बाई तुले जवळ घेते का? ते म्हने, घेते. मंग मले सांगा, हे तोंडावर एक अन् मांगं एक काहून? बारा दिवसानं मुकादमाची गाडी येऊन राह्यली. आमी लेकरं इथं ठेवत नाई आता. घेऊन जाऊ फडावर."

उसाच्या फडावर चार वर्षांचं लेकरू नेणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. पहाटेची थंडी, कोयते, ट्रॅक्टरची चाकं. गेल्या वर्षी एका लेकराचा पाय गेला होता, ते याच वस्तीवरचं. अर्ज घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली आणि चौकशी मी स्वतःकडे ठेवली.

सेविकाबाईंना बोलावलं. पंचेचाळिशीच्या, साडी नीट पिनअप केलेली, हातात हजेरीचं रजिस्टर. बोलावणं आलं तेव्हा पोषण आहार वाटत होत्या म्हणे, तशाच निघाल्या. मी सरळ विचारलं, आवाज तुमचाच ना?

"शब्द माह्येच हायेत साहेब. पन म्हननं माहं नाई."

आता, तीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं की ते कानावर आलं की माझं डोकं तापायचं. मी म्हटलं, कोर्टात हे असं बोलून पाहा एकदा. तरी त्या नेटाने सांगत राहिल्या. दोन-अडीच महिन्यांपूर्वी त्यांच्या पर्यवेक्षिकेने संगणकावर बैठक घेतली होती. अंगणवाडीची नवी खोली कुठे बांधायची, हा विषय. तिथे त्यांनी गावातल्या काही बायांची तक्रार जशीच्या तशी बोलून दाखवली होती. "बाया काय म्हनतात ते सांगत होती मी. पुढं माहं उत्तरही होतं. ते कुठं गेलं?"

पर्यवेक्षिकेला फोन केला. त्यांचं उत्तर खात्यातल्या माणसाचं होतं: बैठक झाली, नेमकं कोण काय बोललं ते आठवत नाही, रेकॉर्डिंग ठेवलेलं नाही. इतर सेविकांपैकी कोणाची रेंज गेली होती, कोणी त्या वेळी चुलीपाशी होती. कोणालाच यात पडायचं नव्हतं. इकडे खात्याने सेविकाबाईंना नोटीस काढली, आठ दिवसांत खुलासा द्या, नाहीतर काम बंद. वस्तीवरची लेकरं अंगणवाडीत यायची थांबली होती. आणि क्लिप एव्हाना रिठदपासून कामरगावपर्यंत जिल्ह्याच्या दोन्ही टोकांना पोचली होती. वाशीमहून वरिष्ठांचा फोन आला, प्रकरण चिघळायच्या आत निकाली काढा.

निकाली काढा म्हटलं की पोलिसाचा हात जवळ असेल त्याच्या मानगुटीवर पडतो. माझाही पडला. सेविकाबाईंच्या मोबाइलला रेंज नसल्याने त्या बैठकीला गावातल्या सेवा केंद्राच्या संगणकावर बसल्या होत्या. म्हणजे रेकॉर्डिंग केलं तर केंद्रवाल्यानेच, हे माझं गणित. तो चाळिशीचा गरीब माणूस, सातबारे आणि विम्याचे फॉर्म भरून देणारा. त्याला आणून चार तास बाकावर बसवलं. तो एकच सांगत होता, "साहेब, मी प्रिंटर दुरुस्त करून राह्यलो होतो. बाईच्या कानाले हेडफोन होता. मले तर मीटिंगमंदी कोन बोललं तेही मालूम नाई." मी त्याच्यावर दोनदा ओरडलो. तिसऱ्यांदा ओरडणार होतो, तेवढ्यात आमच्या संगणकाच्या खोलीतून महिला शिपाई बाहेर आली.

तिच्याबद्दल आधी सांगायला हवं. ठाण्याच्या संगणकावर गुन्ह्यांची नोंद करणारी ही मुलगी खात्याच्या परीक्षेतून फौजदार व्हायचं म्हणून अभ्यास करत होती. जेवणाच्या सुट्टीत ती ऑनलाइन शिकवणी ऐकायची. बाजूलाच बिनतारी संच दिवसभर खरखरत असतो, त्यामुळे मोबाइल ठेवून रेकॉर्डिंग केलं तर शिकवणीपेक्षा 'कंट्रोल, कंट्रोल'च जास्त यायचं. म्हणून तिने एक युक्ती केली होती. माईकच्या भानगडीत न पडता संगणक जो आवाज बाहेर सोडतो तोच आतल्या आत नोंदवून घ्यायचा. खोलीत बँड वाजला तरी नोंदीत येत नाही. सरकारी संगणकावर खासगी शिकवणी चालते म्हणून मी तिला महिनाभरापूर्वी चांगलंच झापलं होतं.

ती म्हणाली, "सर, त्या क्लिपमंदला टिंग पुन्हा ऐका. तो मेसेज आल्याचा आवाज हाये, संगणकाचा. बाईच्या आवाजाइतकाच स्पष्ट. मोबाइल बाजूले ठेवून घेतलं असतं तर तो दूरून आल्यासारखा आला असता. हे माझ्यासारखंच केलेलं हाये. संगणकाचा आवाज संगणकातच."

"मग? याच्याकडे संगणक आहेच," मी केंद्रवाल्याकडे बोट दाखवलं.

"नाही सर. याच्या संगणकावर केलं असतं तर बाईचा आवाज आलाच नसता."

मला काही कळलं नाही, आणि न कळलेलं मी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. तिने समजावलं. "मी शिकवणीत शंका विचारते ना, तर नंतर ऐकताना माही शंका त्यात नसतेच. माहा आवाज माह्या संगणकातून बाहेर पडतच नाही, तो तिकडं सरांकडं जाते. माह्याकडं फक्त सरांचं उत्तर येते. ते म्हणतात, हो, बरोबर आहे. कशाले बरोबर, ते चार दिवसानं मलाही आठवत नाही." मग तिने ते विचारलं, ज्याच्यासाठी मी आजही तिला मानतो. "सर, शेवटी बाई म्हणते, हो, सगळ्याइलेच. हे 'हो' ते कोणाले म्हणून राह्यली?"

केंद्रवाला बाकावरून माझ्याकडे पाहत होता.

माझा स्वभाव डोळ्यांनी पाहिल्याशिवाय न मानण्याचा. म्हणून लगेच प्रयोग केला. ती तिच्या संगणकावर, मी माझ्या खोलीत हवालदाराच्या लॅपटॉपवर, अशी बैठक लावली. मी दहा वाक्यं बोललो, तिने मध्येमध्ये चार प्रश्न विचारले, नोंद तिच्या संगणकावर. ऐकलं तर माझी दहाही वाक्यं आली होती आणि तिच्या प्रश्नांच्या जागी शांतता होती. मीच मूर्खासारखा हवेला 'हो हो' करत होतो.

बावीस सेकंदांतली ती शांतता सगळ्यांनी ऐकली होती. आम्ही समजत होतो, बाई विचार करायला थांबली. ती थांबली होती कोणीतरी प्रश्न विचारला म्हणून. आणि ज्याचा प्रश्न ऐकू येत नाही, नोंद त्याच्याच संगणकावर झालेली.

केंद्रवाल्याला मी सोडलं. चहा पाजला आणि माफी मागितली, ती मात्र जड जिभेने. तो म्हणाला, "चार घंटे बसवलं त्याचं काई नाई साहेब. पन गावात कोनाच्या तरी तोंडानं सांगून द्या, का यानं नाई केलं." दुसऱ्या दिवशी हवालदाराने ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसून ते सांगितलं.

सेविकाबाईंना पुन्हा बोलावलं. या वेळी दार लावून घेतलं, त्यांना खुर्ची दिली, हेडफोन दिला. तेव्हा लक्षात आलं की इतक्या दिवसांत मी त्यांना ती क्लिप एकदाही निवांत ऐकू दिली नव्हती. लोकांनी त्यांच्या तोंडासमोर मोबाइल धरून वाजवली होती, मीही टेबलावर वाजवून 'आवाज तुमचाच ना' एवढंच विचारलं होतं. म्हटलं, शेवटचं 'हो' म्हणण्याआधी कोणी काय विचारलं ते आठवून पाहा.

त्यांनी डोळे मिटून दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना त्यांचा हात आपोआप वर आला. "अध्यक्ष काका. त्याईनं इचारलं, सगळ्याच लेकराइले म्हनतात का त्या बाया? त्याइले कमी ऐकू येते ना, एकच गोष्ट दोन खेप इचारतात. म्हनून मी म्हटलं, हो, सगळ्याइलेच." आणि मग त्या रडल्या. आठ दिवसांत पहिल्यांदा. मी खिडकीबाहेर पाहत बसलो, कारण दुसरं काय करावं ते मला सुचत नव्हतं.

नेमका प्रश्न हाती आल्यावर इतर सेविकांची स्मरणशक्तीही सुधारली. 'बैठकीत काय झालं' असं विचारलं की माणसं हात झटकतात. 'काकांनी दोनदा विचारलं होतं का' असं विचारलं की त्यांना हसू येतं आणि आठवतं. दोघींनी तसा जबाब दिला.

अध्यक्ष म्हणजे अंगणवाडीवर देखरेख ठेवणाऱ्या गावच्या समितीचे अध्यक्ष, निवृत्त शिक्षक; त्या बैठकीला तेही घरून बसले होते. अर्धं गाव त्यांच्या हातून शिकलेलं. मी गणवेशात गेलो नाही. ते पडवीत बसले होते. टेबलावर लॅपटॉप, वर हेडफोन नीट गुंडाळून ठेवलेला, बाजूला तारखा घातलेल्या वह्यांची चळत. चहा झाला. मी क्लिपचं नावही काढलं नाही. म्हटलं, गुरुजी, आम्हालाही हल्ली अशा बैठका असतात, पण काही ऐकू येत नाही. तुम्ही कसं जमवता?

शिक्षकाला शिकवायची संधी द्यावी, तो पुढचं सगळं स्वतः करतो. त्यांचा चेहरा खुलला. "माहा कान काम देत नाही साहेब. पोरगा पुण्याले आहे, त्यानं सोय करून देली. माईकनं घेतलं तर घरातले भांडे, बाहेरचं मळणीयंत्र, सगळं येते. म्हणून संगणकाचाच आवाज संगणकात घेतो. मंग रिकाम्या वेळी मोठा करून सावकाश ऐकतो. आजपर्यंतची एकही बैठक मी पुसली नाही." तारीखवार फाइली त्यांनीच उघडून दाखवल्या. दप्तर नीट ठेवायची चाळीस वर्षांची सवय होती ती.

मी खिशातून मोबाइल काढला, त्यांचाच हेडफोन जोडून त्यांच्या कानाला लावला आणि क्लिप वाजवली. मग म्हटलं, "गुरुजी, मधली ही शांतता ऐकली? इथे तुम्ही बोलला होता."

त्यांनी हेडफोन हळूच काढला. मधे आवाज नसणं त्यांना कधी खटकलंच नव्हतं. त्यांच्या कानाला तशा गाळलेल्या जागांची सवय होती. बराच वेळ ते चळतीतल्या वह्या सारख्या करत राहिले. मी थांबलो. चौकशीत थांबणं हे ओरडण्यापेक्षा कामाचं असतं, हे मला त्या आठवड्यात दुसऱ्यांदा कळत होतं.

"मी काही जोडलं नाही साहेब," ते शेवटी म्हणाले. "एक शब्द पदरचा घातला नाही. नुसतं मागचं-पुढचं कापलं."

"तेवढ्यानेच झालं गुरुजी."

मग त्यांनी सगळं सांगितलं. नवी खोली गावातच, शाळेपाशी करतो असा त्यांनी गावाला शब्द दिला होता. सेविकाबाई मात्र अडून बसल्या होत्या की ती वस्तीच्या वाटेवर, निम्म्यात व्हावी, म्हणजे दोन्हीकडची लेकरं चालत येतील. पर्यवेक्षिकेलाही ते पटत चाललं होतं. गुरुजींना वाटलं, दोन-चार दिवस बोभाटा होईल, बाईंची बदली होईल, विषय मिटेल. क्लिप त्यांनी कामरगावकडच्या एका नातेवाइकाच्या फोनवर पाठवली, तिकडून ती फिरत आमच्याकडे आली. म्हणूनच ती पाठवणाऱ्यांची साखळी उलगडत गेलो की जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तुटत होती. मी त्यांना विचारलं, वस्तीवरच्या लेकरांचा विचार केला होता का? ते म्हणाले, "तेवढा नव्हता केला." खोटं बोलले नाहीत.

पंचांसमक्ष लॅपटॉप जप्त केला, सीलबंद केला. आमचा अहवाल गेल्यावर खात्याने सेविकाबाईंची नोटीस मागे घेतली. गुन्हा दाखल झाला, यथावकाश दोषारोपपत्र गेलं, पुढचं काम न्यायालयाचं. पण मुकादमाची गाडी न्यायालयासाठी थांबणार नव्हती. मधे दोनच दिवस होते.

वरिष्ठांची परवानगी घेऊन त्या बैठकीच्या पूर्ण रेकॉर्डिंगची एक प्रत मी वस्तीवर नेली. सेविकाबाईंना सोबत घेतलं. त्या येताना म्हणाल्या, "या मशिनीनंच घात केला अन् हेच मले सोडवनार का आता?" मी म्हटलं, घात मशीनने नाही केला.

वस्तीवर बांधाबांध चालली होती. चुली, भांडी, ताडपत्र्या बाहेर काढलेल्या. सगळे जमले, लहान भोंगा लावला. ती बावीस सेकंदं आली तशा बाया पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. या वेळी आवाज तिथे तुटला नाही. पुढे सेविकाबाई बोलत होत्या: "असं म्हनतात गावातल्या काई बाया. मी त्याइले सांगतलं, लेकरू हे लेकरू असते. वास येत असन तर मी आंघोळ घालीन, उवा असन तर मी काढीन. पन वेगळं कोनालेच बसवनार नाई. खोली वस्तीच्या वाटेवर बांधा, मंग पाहू कोन कोनाजवळ बसते."

अर्ज आणणारी ती बाई म्हणाली, "पुन्हा लावा." पुन्हा लावलं. मग ती सेविकाबाईंकडे वळली. "हे त्याच दिशी काहून नाई सांगतलं?"

"सांगत होती. तुमी ऐकूनच नाई राह्यल्या."

ते वाक्य तिला होतं तितकंच मलाही होतं.

या प्रकरणाने मला काय शिकवलं ते सांगतो. क्लिपमध्ये 'आमच्या लेकराइजवळ' असे शब्द होते. सेविकाबाईंचा एकुलता एक मुलगा तेव्हा कॉलेजात होता. अंगणवाडीत त्यांचं स्वतःचं लेकरू कुठून असणार? एवढी साधी गोष्ट मी, ठाण्याने, खात्याने, गावाने ऐकली नाही. सगळ्यांनी फक्त आवाज ओळखला. आवाज ओळखणं सोपं असतं. माणूस कोणाचं बोलणं सांगतो आहे आणि कोणाला उत्तर देतो आहे, त्यासाठी बसून ऐकावं लागतं. त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी कोणाचाही जबाब त्याला पुन्हा वाचून दाखवल्याशिवाय आणि 'हे कोणाला म्हणालात' असं विचारल्याशिवाय सही घेतली नाही. आमची ती शिपाई परीक्षा पास झाली, आता फौजदार आहे. शिकवणीवरून पुन्हा मी तिला कधी बोललो नाही.

गाडी निघाली त्या सकाळी मी बंदोबस्ताच्या निमित्ताने अंगणवाडीपाशी उभा होतो. कोणी येईल की नाही, मला खात्री नव्हती. सेविकाबाई दारात रजिस्टर घेऊन बसल्या होत्या, त्यांनाही नव्हती. वस्तीच्या वाटेने आधी एक म्हातारी दोन नातवंडांना घेऊन आली. मग आणखी तिघं. सगळ्यांत शेवटी ती बाई आली, मुलीचा हात धरून. मुलगी न्हाऊमाखू घातलेली, चापून तेल लावलेल्या दोन वेण्या, लाल फिती. आईने तिला सेविकाबाईंसमोर उभं केलं आणि म्हणाली, "घ्या, वास घेऊन पाहा."

त्यात राग किती आणि माफी किती, मला ठरवता आलं नाही. सेविकाबाईंनी रजिस्टर बाजूला ठेवलं, मुलीला मांडीवर घेतलं आणि खरंच तिच्या केसांत नाक खुपसून लांब श्वास घेतला.

"खोबऱ्याच्या तेलाचा येते," त्या म्हणाल्या.

आई हसली. मग डोळे पुसत गाडीकडे चालत गेली. सेविकाबाईंनी मुलीला मांडीवर तसंच ठेवून एका हाताने रजिस्टर ओढलं आणि तिची हजेरी लावली.